गाडी सारखी गरम होते, कुलंट सारखं कमी होतं : मेकॅनिककडे जायच्या आधी घरी काय बघायचं

आधी लक्षणं बघू. सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा वर चढायला लागतो, गाडी पळायला लागली की परत खाली येतो. किंवा उलटं, गावात काहीच नाही पण घाट लागला आणि गाडीत चार माणसं, डिकीत सामान असलं की काटा वर. किंवा काटा नीट असतो पण दर आठ-पंधरा दिवसांनी कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यात पाणी घालावं लागतं. किंवा गाडी बंद केली की बोनेटखालून गुडगुड आवाज येतो आणि डबा ओसंडून खाली ओघळ. एसी चालता चालता गार हवा देणं बंद करतो, कारण बऱ्याच गाड्या फार गरम झाल्या की कॉम्प्रेसर आपोआप बंद करतात. गाडीत गोडसर वास येतो, समोरची काच आतून चिकट धुरकट होते आणि डॅशबोर्डखाली पायाजवळचं मॅटिंग ओलं सापडतं.

नव्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो. इंजिन थंड असेपर्यंत निळा, मग विझतो, आणि एकदम लाल. मधलं काही कळतच नाही. अशा गाडीला मी एक छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याची माहिती वाचणारा) घ्या म्हणतो, साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना चालतो, मोबाईलवर कुलंटचं तापमान आकड्यात दिसतं. ८५ ते १०० च्या मध्ये खेळत असेल तर ठीक, ११० च्या पुढं जायला लागलं तर गाडी बाजूला घ्या.

गेल्या बारा-तेरा वर्षांत घरच्या, नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या मिळून बऱ्याच गाड्यांचा हा एकच फॉल्ट मी काढलाय आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते, लोक महिनोन्महिने नुसतं पाणी घालत राहतात. कुलंटची सिस्टीम बंद असते. ते पेट्रोलसारखं जळून संपत नाही. डब्यात वर्षभरात बोटभर कमी झालं तर एक वेळ चालेल, पण दर महिन्याला घालावं लागतंय म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंय, आणि ती जागा शोधणं हेच सगळं काम आहे. शे-दोनशेच्या झाकणासाठी किंवा एका क्लॅम्पसाठी (पाईप आवळणाऱ्या पट्टीसाठी) पुढं हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) उडालेलं मी बघितलंय, आणि तो खर्च सरळ पाच आकड्यांत जातो.

काहीही उघडायच्या आधी हे वाचा

गरम इंजिनचं रेडिएटरचं (कुलंट वाऱ्यानं गार करणाऱ्या जाळीचं) झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही, थोडंसं फिरवूनही नाही. आत पाणी १०० अंशांच्या वर असतं, दाबामुळं उकळत नसतं, झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. कमीत कमी एक तास थांबा, वरचा जाड पाईप हातानं दाबून बघा, थंड आणि मऊ लागला तरच. मी तर हे काम सकाळी उठल्यावरच करतो. दुसरं म्हणजे काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा बोटं, ओढणी, लोंबणारी दोरी काही पंख्याजवळ नको.

आणि रस्त्यातच गरम झाली तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात खंबाटकी चढताना गाडीत हीटर लावणं जिवावर येतं हे मला माहितेय, पण हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता गाडीत ओढतो आणि काटा खरंच खाली येतो. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, रेडिएटरमध्ये तर नाहीच, हेड तडकतं.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते. काटा वर गेलेला आणि मग एकदम खाली आला, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं तापमान सांगतो, पाणीच संपलं की तो वाफेत नाहीतर हवेत लोंबकळतो आणि काटा थंड दाखवतो. माझ्या मावसभावाचं कुंभार्ली घाटात असंच झालं, काटा खाली आला म्हणून तो आणखी आठ-दहा किलोमीटर गेला आणि चिपळूणला पोचेपर्यंत हेड वाकलं होतं.

हत्यारं फार लागत नाहीत. बॅटरी, म्हणजे टॉर्च, दहाचा आणि बाराचा पाना, पक्कड, चपटा आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, जाड पुठ्ठा, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, आणि एक वही. वही खरंच ठेवा.

१. लेव्हल, तीसुद्धा दोन ठिकाणी

फुकटचं आणि दोन मिनिटांचं काम. सकाळी थंड इंजिनवर डब्यातली पातळी बघा, लो आणि फुलच्या मध्ये हवी. तिथं बाहेरून टेपची पट्टी लावा आणि वहीत तारीख, किलोमीटर लिहा. आता दुसरं, जे लोक बघतच नाहीत, ते म्हणजे रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर तेही थंडपणी उघडा. पाणी अगदी गळ्यापर्यंत दिसायला पाहिजे. डबा भरलेला आणि रेडिएटर मात्र दोन बोटं रिकामा, हे मला कितीतरी गाड्यांत सापडलंय आणि मालक म्हणतो मी तर रोज डबा बघतो.

असं का होतं? इंजिन तापलं की कुलंट फुगतं, झाकणातली स्प्रिंग उचलून जादाचं डब्यात जातं. थंड झालं की आत ओढ तयार होते आणि झाकणाच्या मधली छोटी चकती उघडून तेच कुलंट परत आत येतं. ती चकती अडकली, किंवा डब्याला जाणारी बारीक नळी कुठं चिरली, तर कुलंट बाहेर जातं पण परत येत नाही, त्याच्या जागी हवा आत शिरते. रोज थोडी थोडी. आणि हवेनं इंजिन थंड होत नाही. काही गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, डबाच दाबाखाली असतो आणि डब्याचं झाकण हेच सगळं काम करतं, त्यांना ही दोन ठिकाणची भानगड नाही.

२. झाकण

झाकण हातात आहेच तर नीट बघा. रबराचा रिंग कडक झालाय, चिरलाय, आतली चकती नखानं उचलली तर परत बसत नाही, तर झाकण बदला. यात विचार करण्यासारखं काही नाही, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

याचं महत्त्व आकड्यांत सांगतो. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथं ९५-९६ लाच उकळतं. अर्धं कुलंट अर्धं पाणी केलं तर उकळबिंदू १०६-१०८ पर्यंत जातो. पण नुसत्या पाण्यावर ०.९ बार दाबाचं चांगलं झाकण बसवलं तर तो ११८ च्या आसपास जातो, आणि दोन्ही असलं तर १२५ च्या वर. म्हणजे झाकण कुलंटपेक्षा जास्त भार उचलतं! घाटात उकळणाऱ्या गाडीचं झाकण मी म्हणूनच सगळ्यात आधी बदलतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तोच घ्या. जास्तीचं बसवून जास्त फायदा होत नाही, जुने पाईप फुटतात.

३. कुलंटचा रंग आणि आत काय दिसतंय

बोट घालून बघा. गंजाचं तांबडं पाणी, पांढरी खपली, तेलाचा तवंग? तेलाचा तवंग किंवा दुधाळ चहासारखं काही असेल तर इथंच थांबा आणि खाली शेवटचा भाग वाचा.

आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कुलंट कशाला, नळाचं पाणी घाला, असं म्हणणारे अजून भेटतात. बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या आतल्या नळ्यांत बसतो, आणि त्या नळ्या मुळातच अरुंद असतात. शिवाय कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती वर्षानुवर्षांत संपतात, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला ते बदलायचं असतं. घाटात अडकलात आणि बाटलीचं पाणी घालून घरी आलात तर त्यात चूक काहीच नाही, पण मग पुढच्या रविवारी ते काढून नीट भरा.

आणखी एक. हिरवं, गुलाबी, निळं असे रंग बघून कुलंट घेऊ नका, रंग हा काही प्रमाण नव्हे, मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो घ्या. वेगवेगळ्या प्रकारची मिसळली तर काही वेळा आत गाळ धरतो.

४. गळती शोधणं

यात सगळ्यात जास्त वेळ घाला कारण निम्म्याहून जास्त गाड्यांचं उत्तर मला इथंच मिळालंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा, सकाळी काढा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, वाळलं की काही राहत नाही. कुलंट बोटाला चिकट लागतं, रंग असतो, वाळलं की डाग राहतो. चाखून बघू नका, विषारी असतं.

पुठ्ठा कोरडा असला तरी गळती नाही असं समजू नका. बारीक गळती गरम इंजिनवर पडून तिथंच वाळते आणि मागं पांढरट किंवा हिरवट खपली सोडते. टॉर्च घेऊन ती खपली शोधा, पाईप जिथं रेडिएटरला आणि इंजिनाला जोडलाय त्या तोंडाशी, क्लॅम्पच्या खाली, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथं दाबून जोडलीय त्या शिवणीवर, आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या पोटाखाली. आपले मेकॅनिक पंपाला वॉटर बॉडी म्हणतात, तिला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, बुजवू नका. थंड पाईप पिळून बघा, कुरकुर आवाज आला, फुगवटा दिसला, टोकाला चिरा दिसल्या तर बदला. क्लॅम्प सैल असेल तर नुसतं आवळून भागतं, पण जोर लावून आवळू नका, प्लास्टिकचं तोंड तुटतं.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक जागा बघा. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गारठून जाम होऊ नये म्हणून त्याच्यातून गरम कुलंट फिरवतात, त्यासाठी किट बसवताना हीटरच्या पाईपला मध्ये टी (तीन तोंडांचे जोड) जोडलेले असतात. त्या चार-पाच जोडांपैकी एखादा पाझरतो आणि कुणाचं लक्ष जात नाही कारण लोक गाडीचेच पाईप बघत बसतात. माझ्या स्वतःच्या गाडीचं सहा महिने हेच चाललं होतं, किट बसवणाऱ्यानं एका टी ला क्लॅम्पऐवजी तार गुंडाळली होती. पाण्याचे क्लॅम्प तुम्ही आवळू शकता, गॅसच्या नळीला मात्र हात लावायचा नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकतात, ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे. घरी पोचायला चालेल, पण जी पूड भोक बुजवते ती बारीक नळ्याही बुजवते, घरी आल्यावर सगळं फ्लश करावं, म्हणजे आतून धुवावं लागतं. बाटलीतून मिळणाऱ्या लीक-स्टॉपचंही तेच.

५. रेडिएटरची बाहेरची जाळी

गाडी रस्त्यावर पळताना गरम होते आणि उभी असताना होत नाही, तर इकडं बघा. पुढं एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसारखीच जाळी), मागं रेडिएटर, मध्ये बोटभर फट, आणि त्या फटीत किडे, कापसाची बोंडं, उसाच्या पाचटाचा भुगा, पावसाळ्यातला चिखल असा थर बसतो जो पुढून दिसतच नाही. गाडी थंड असताना साध्या नळाच्या पाईपनं आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला पाणी मारा, उलटं मारलं तर घाण आणखी रुतते. फॅनच्या मोटरवर आणि कनेक्टरवर पाणी जाऊ देऊ नका. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन नको, नाजूक पट्ट्या वाकतात आणि वाकल्या की हवा जात नाही. बंपरचं काम झाल्यापासून गाडी गरम व्हायला लागली असेल तर रेडिएटरच्या बाजूचे आणि खालचे प्लास्टिकचे पत्रे परत बसवलेत का बघा, ते नसले तर हवा जाळीतून न जाता बाजूनं निघून जाते.

६. फॅन

सिग्नलला गरम, पळताना थंड, म्हणजे जवळजवळ नक्की फॅन. पळताना वारा असतोच, उभं राहिलं की सगळा भार फॅनवर.

गाडी चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन फिरायला पाहिजे. आता एसी बंद करून गाडी उभीच चालू ठेवा, तापमान वाढत ९५-१०० च्या दरम्यान गेलं की फॅन आपोआप लागला पाहिजे. एसीवर लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर मोटर चांगली आहे आणि गडबड सेन्सर किंवा त्याच्या वायरीत. एसीवरही लागत नाही, तर आधी फ्यूज. मग रिले (विजेचा छोटा स्विच), फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले बरेचदा त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा, पैसे शून्य. नंबर जुळत नसेल तर नको. मग मोटरचं कनेक्टर काढून बघा, काळं पडलेलं, वितळलेलं असतं. शेवटी बॅटरीवरून २० अँपिअरचा फ्यूज लावलेली जाड वायर घेऊन मोटरला थेट १२ व्होल्ट द्या, फिरली तर मोटर ठीक आणि दोष वायरिंगमध्ये, नाही फिरली किंवा मरगळल्यासारखी फिरली तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. मरगळलेला फॅन फसवतो बरं का, फिरताना दिसतो म्हणून लोक पुढं जातात. चांगल्या फॅनसमोर कागद धरला तर तो जाळीला चिकटून बसतो.

फॅन डायरेक्ट करून घेणं, म्हणजे चावी लावली की कायम चालू, हे गावोगाव चालतं. घरी यायला करा. पण कायमचं ठेवलं तर मोटर लवकर जाते, आणि जाते त्या दिवशी ती गेलीय हे सांगणारं काही नसतं.

७. थर्मोस्टॅट

इथून पुढं हात काळे होतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटला रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. इंजिन तापलं, वरचा पाईप चटका देतोय आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये. थंड इंजिनवर थोडं कुलंट काढून दोन-तीन बोल्ट खोलले की तो हातात येतो. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्यानं टांगा, सोबत थर्मामीटर, आणि गॅसवर ठेवा. त्या आकड्याजवळ उघडायला लागून पाणी उकळेपर्यंत नीट उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या, गॅस्केट किंवा रिंग नवीनच टाका. पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका.

तो काढूनच टाका, आपल्याकडं गरजच नाही, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार. ऐकू नका. इंजिन पूर्ण तापत नाही, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला टाळून तिथूनच फिरतं आणि गाडी आणखी गरम होते.

८. फ्लश आणि हवा काढणं

थंड इंजिन, खालचा ड्रेन नट किंवा खालचा पाईप खोलून सगळं टबात काढा. डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर गरमवर ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा, स्वच्छ येईपर्यंत परत. मग कुलंट. कॅनवर रेडी टू यूज लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट ते आधी वाचा, रेडी असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, ही चूक फार होते. काढलेलं कुलंट गटारात किंवा झाडाला ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात. टब लगेच झाका, जुनं कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

भरल्यावर हवा काढली नाही तर सगळी मेहनत वाया. गाडीचं तोंड चढाकडं करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, थंडपणी झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, मधून मधून वरचा पाईप दाबा, बुडबुडे येतील. बुडबुडे थांबले की झाकण लावून हीटर गरमवर ठेवून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. दुसऱ्या दिवशी थंडपणी परत पातळी बघा, हमखास थोडी खाली गेलेली असते. आपल्या गाडीला हवा काढायचा वेगळा स्क्रू असेल तर मॅन्युअलप्रमाणं तो वापरा.

इथं थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

ऑइलची कांडी किंवा ऑइलच्या झाकणाच्या आतली बाजू दुधाळ आहे. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय. सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि थांबतच नाहीत, किंवा दोन-तीन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा टणक होतो. किंवा वर सांगितलेलं सगळं करून, कुठंही ओल नाही, तरी वहीत पातळी खाली जातच आहे. ही हेड गॅस्केटची लक्षणं आहेत, गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करा. पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं असताना वीस किलोमीटर चालवली तर बेअरिंगपर्यंत काम जातं.

वॉटर बॉडी गळतेय आणि ती टायमिंग बेल्टच्या कव्हरमागं असेल तरी हात लावू नका, बेल्टचा एक दात चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. रेडिएटर आतून चोक असेल तर तो रेडिएटरवाल्याकडंच द्यायचा. गोडसर वास आणि पायाजवळचं ओलं मॅटिंग म्हणजे बहुधा हीटर कोअर गळतोय, तो बदलायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बऱ्याच हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड करायला वेगळं कुलंट आणि वेगळी लाइन असते, नारंगी केबल (जास्त व्होल्टेजची) दिसली की बोनेट बंद करा, ते घरचं काम नाही.

मेकॅनिककडं गेलात की वही दाखवा, किती किलोमीटरला किती कमी झालं आणि काय काय तपासून झालं. आधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करा म्हणा, हातपंपानं दाब देऊन गळती शोधतात, फार वेळ लागत नाही. आणि हेड उतरवलंच तर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायच्या आधी सरळ पट्टी लावून ते किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा.